नवमीचे दुसरे पान

२९ सप्टेंबर २०२५, घरून

चि. बाळा यास आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितो आहे. शनिवारचा कार्यक्रम तू पाहिला असशील. नसशील तर बरे, पण बांद्याला तुझ्या गॅरेजसमोरच्या हॉटेलात टीव्ही दिवसभर चालू असतो हे मला ठाऊक आहे. त्यात तू वारलास असे दाखवले. ते मनाला लावून घेऊ नकोस.

हे कसे झाले ते सांगतो. तुझी तन्वी त्या ‘कोवळे सूर’ गाण्याच्या स्पर्धेत शेवटच्या आठ मुलांत आली. अशा मुलांच्या घरी चॅनेलची माणसे येतात आणि घर, गुरे, शाळा सगळे टिपून नेतात. आमच्याकडे ती नेमकी अविधवा नवमीला आली. त्या दिवशी तुझ्या आईचा म्हाळ होता. परसात केळीचे पान मांडले होते. कॅमेरावाल्यांनी ते पान घेतले आणि मुंबईला नेऊन त्याला तुझे नाव जोडले. वर सनई वाजवली. मी काय करणार? दीपिका नावाची एक मुलगी या सगळ्यांची पुढारी आहे. वयाने आपल्या सूनबाईपेक्षा, नम्रतापेक्षा लहान, पण सगळे तिच्या बोटावर. तिला मी म्हटले होते की नीट चौकशी करा. तिने केली नाही.

आता विनंती एवढीच, की चॅनेलला फोन करू नकोस. आणखी कोणाला करायलाही सांगू नकोस. तन्वीचा आवाज तुला ठाऊक आहे. तिथले परीक्षक तिचे गाणे झाल्यावर उभे राहतात. कट्टा गावच्या एसटी स्टँडवर तिचा मोठा बॅनर लागला आहे. तिच्या बाजूला माझाही फोटो आहे, फेट्यातला. तो मी लावा म्हटले नव्हते. आज जर कोणी म्हणाले की हिचा बाप जिवंत आहे, तर पोर खोटी ठरेल आणि तिला काढतील. शेवटच्या फेरीपर्यंत गप्प राहा. पुढे काय ते मी निस्तरीन.

नम्रता बरी आहे. माझ्याशी बोलत नाही, पण जेवायला वाढते.

प्रकृतीला जप. पाऊस अजून गेलेला नाही, ओल्या जमिनीवर गाडीखाली आडवा होऊन काम करू नकोस.

तुझा बाप,
गुणाजी


९ ऑक्टोबर

चि. बाळा यास,

उत्तर नाही. येईल असे वाटलेही नव्हते.

मागच्या पत्रात दीपिकाबद्दल लिहिले ते थोडे अन्यायाचे होते. ती चांगली मुलगी आहे. तन्वीला तिथे ताप आला तेव्हा रात्रभर बसून होती. ती ज्यांच्याकडे काम करते त्यांना गोष्ट लागते, आणि ती गोष्ट तिला मी दिली.

ओरोसला निवड होती. मोठा हॉल, बाहेर मंडप, आणि मंडपात जिल्हाभरची पोरे गळा साफ करत बसलेली. आमच्या पुढे प्राजक्ता म्हणून एक मुलगी होती. मला गाण्यातले तुझ्याएवढे कळत नाही, पण ती गायला लागली तेव्हा चहावाल्याने किटली खाली ठेवली. तन्वी माझा हात धरून म्हणाली, “आजोबा, ही माझ्यापेक्षा बरी गाता.” बाहेर एका टेबलाशी दीपिका पालकांना बोलावून प्रश्न विचारत होती. प्राजक्ताचे आईबाप दोघेही शिक्षक, दोघेही हसतमुख, घरात कोणाला काही झालेले नाही. दीपिकाने लिहून घेतले आणि पेनाचे टोपण लावले. त्या पोरीच्या घरात काही वाईट घडलेले नव्हते, म्हणून ती घरी गेली, असे मला वाटते. खरे खोटे देव जाणे.

मग आमची पाळी. हिचे वडील काय करतात, असे विचारले. काय सांगायचे होते? आईच्या आजारपणात प्यायलेला आला म्हणून मी त्याला अंगणातूनच घालवला, हे? ते करण्यात माझे चुकले असे मला अजूनही वाटत नाही, हे तुला सांगून ठेवतो. मी गप्प राहिलो तशी तिने आवाज खाली आणून विचारले, “वारले का, आजोबा?”

मी मान हलवली.

बाळा, तोंडातून शब्द काढला नाही. पण मान मी हलवली, आणि कशी हलवायची ते मला ठाऊक होते. मी देवळात गावातर्फे गाऱ्हाणे घालणारा माणूस. लोकांच्या डोळ्यांत पाणी कुठल्या ठिकाणी येते हे मला कळते. दीपिकाने टोपण काढले.

त्या वेळी वाटले, एवढे एकदाच. हे पुढे दर आठवड्याला लागणार हे कोणाला माहीत? तन्वी गाऊन झाली की दिवे मंद होतात, निवेदिका तिला जवळ घेते आणि विचारते, आज बाबा असते तर काय म्हणाले असते? पहिल्यांदा पोर रडली. ती खरी रडली, कारण तू असून नव्हतास. दुसऱ्या वेळी रडली नाही, तर पुन्हा विचारले. तिसऱ्यांदा विचारल्यावर रडली. मी समोर बसून ते पाहिले. टीव्हीवर ते एकदाच झाल्यासारखे दिसते.

पण दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. शनिवारी आपल्या ओटीवर सगळी वाडी जमते. ज्यांच्या घरी याहून मोठा टीव्ही आहे तेही इथेच येतात. तन्वी सुट्टीत घरी असली तर खांबाला टेकून बसते आणि टीव्हीतल्या तन्वीकडे बघते. तिकडची तन्वी तिच्याहून उंच दिसते. गाणे सुरू झाले की वाडीतले भांडखोर लोकही एकमेकांना शूऽ करतात. तुझ्या आईनंतर या घरात इतकी माणसे एकत्र हसलेली नव्हती. मला ते आवडले. टीव्हीवर मला विचारले की हिला कोणी घडवले, तेव्हा मी म्हणालो, मी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेही मला आवडले.

तुझ्या मांडीवर बसून ती भजनात पहिला सूर लावायला शिकली, हे मला आठवत नव्हते असे नाही.

नम्रतालाही, आपल्याकडे चित्रण झाले त्या दिवशी, दीपिकाने हळूच सांगितले की मंगळसूत्र तेवढे पदराखाली घ्या. नम्रता आत गेली आणि त्यांची गाडी जाईपर्यंत बाहेर आली नाही. म्हणून ती कार्यक्रमात कुठेच दिसत नाही. त्यांनी सांगितले की आई कॅमेऱ्याला लाजते.

तू आता पीत नाहीस असे ती म्हणते. तिला कसे कळते ते मी विचारले नाही.

गुणाजी


३० ऑक्टोबर, मुंबई

बाळा यास,

या वेळी वर ‘चि.’ लिहिताना हात अडला, त्याचे कारण सांगतो. ही गोष्ट मी दोन्ही पत्रांत चुकवली.

मी लिहिले की परसातले पान तुझ्या आईचे होते. पाने दोन होती. टीव्हीवरही दोन दिसली असतील, तू मोजली असशील. आईचे पान मांडून झाल्यावर दीपिकाने सहज विचारले, “मुलासाठी नाही का वाढत, आजोबा?” नवमी ही बायकांची तिथी. नवरा असताना गेलेल्या बाईचे पान त्या दिवशी वाढतात, पुरुषाचे वाढतच नाहीत. त्या मुलीला ते ठाऊक नव्हते. मला होते. मी म्हणू शकलो असतो की त्याची तिथी आज नाही. खोट्यातल्या खोट्यातही सुटायला वाट होती. पण कॅमेरा चालू होता. मी स्वतः जाऊन केळीचे पान कापले. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर, सगळे माझ्या हाताने वाढले. तुला वडे कडक लागतात म्हणून तसे बघून घेतले. ते का केले कोण जाणे.

आईच्या पानाला कावळा बराच वेळ शिवत नव्हता. तुझ्या पानावरून मी हात काढायच्या आत आला.

कॅमेरावाल्यांना आनंद झाला. तेव्हापासून मला नीट झोप नाही. भटजींना आडून विचारले की चुकीच्या तिथीला वाढलेले पान पोचते का. ते म्हणाले, कोणाचे? मी म्हणालो, असेच विचारले. शेजारच्या हौसाबाईला मात्र सगळा संशय. ती परवा कुंपणावरून म्हणाली, “भावजी, झील मेलो म्हणतास, मग तेराव्याचा जेवाण खंय आसा? आमी वाट बघतो.” मी घरात गेलो. पण तिच्याशिवाय विश्वासाचे कोणी नव्हते, म्हणून संध्याकाळी तिच्याच दारात गेलो आणि तिच्या जावयाला, सर्वेशला, मोटरसायकल घेऊन तुझ्याकडे पाठवले. ब्रेक बघायला म्हणून. तुला बघून ये असे सांगितले होते, हे तू ओळखलेस. तो परत आला आणि म्हणाला, बरो आसा, पण खोकता. आणि तुझा निरोप सांगितला: “ब्रेकाक काय झाला नाय. मी जितो आसंय म्हणान सांग म्हाताऱ्याक.”

निरोप ऐकून मला हसू आले. तुझ्या आईला तू असाच उत्तरे द्यायचास. मग तो खोकला डोक्यात बसला. खोकला किती दिवसांचा आहे? कफ पडतो का? सरकारी दवाखान्यात जाऊन छाती दाखव. हे वाचून हसू नकोस, जाऊन ये.

आता आजचे. आज अंतिम फेरीचे चित्रण आहे. तन्वी पाच जणांत आहे. सोबत एकच माणूस नेता येतो. नम्रता येणार नाही म्हणाली, म्हणून मी आलो. चॅनेलने आधीच कळवले होते की वडिलांचा फोटो आणा. तुझा चांगला फोटो म्हणजे लग्नातलाच. कट्ट्याच्या फोटोवाल्याकडून नम्रताचा भाग काढून तुझा तेवढा मोठा करून घेतला. काल तालमीला गेलो तर स्टेजच्या मधोमध एक खुर्ची. खुर्चीवर तुझा फोटो चौकटीत बसवून ठेवलेला. बाजूच्या ताटात चंदनाचा हार. तन्वीने गाणे संपवून खुर्चीपाशी यायचे, हार घालायचा, नमस्कार करायचा. तिला तोवर कोणी काही सांगितले नव्हते. मीही नाही.

तिने फोटो पाहिला. तुझा तो लग्नाचा कोट, आणि खांद्यावर नम्रताची दोन बोटे राहिली आहेत, ती कापता आली नाहीत. मग माझ्याकडे वळून सगळ्यांच्या देखत म्हणाली, “हार तुमीच घाला, आजोबा. पान तुमीच वाढलास मा?”

आणि खोलीवर निघून आली. मी मागोमाग. वाटले, आता गाणार नाही म्हणेल. ती खाटेवर बसून फोनवर बोलत होती. तुझ्याशी. दर चित्रणाच्या आधी तुला फोन करते, तू सूर धरतोस आणि ती गाते, हे मला काल कळले. माझ्या घरात राहून मला कळले नाही. मी दारात उभा होतो. फोन ठेवल्यावर विचारले, काय म्हणतो बाबा? तिने तुझे बोलणे तसेच्या तसे सांगितले, खाली मान घालून. “मी मेलंय म्हणान तुका गावक मिळता, तर मिळांदे. हार घाल. पण सूर सोडू नको.”

बाळा, मी तुला शिव्या घालायला तयार होतो, तुझ्या शिव्या खायला तयार होतो. याला मी तयार नव्हतो.

ती आता गाडीची वाट बघत खाली बसली आहे. हार घालणार आहे, तू सांगितलेस म्हणून. मला दोन शब्द बोलायचे आहेत, असे दीपिकाने सांगितले आहे. मुलाच्या आठवणीत. लिहून दिले आहेत.

पाकीट खालच्या माणसाकडे देतो, तो पेटीत टाकील म्हणतो. टाकील ना?

गुणाजी


४ नोव्हेंबर, घरून

चि. बाळा यास आशीर्वाद.

तन्वीचा नंबर आला नाही. तिने तुला ते फोनवर सांगितले असेल. बाकीचे तिने सांगितले की नाही मला माहीत नाही, म्हणून मी सांगतो.

स्टेजवर दिवे इतके की समोरचे काही दिसत नाही. माणसे आहेत हे खोकण्यावरून कळते. मला खुर्चीच्या बाजूला उभे केले आणि माईक हातात दिला. देवळात मी शंभर माणसांपुढे आवाज चढवतो, तिथे मी माईक दोन्ही हातांनी धरून ठेवला. दीपिका खाली अंधारात उभी राहून मला हाताने खूण करत होती, बोला म्हणून. लिहून दिलेले दोन शब्द मला पाठ होते.

मी म्हणालो, “हो माझो झील. जितो आसा. बांद्याक गाडये दुरुस्त करता. पोरीक गाणा त्येनाच शिकवल्यान, मी नाय. मी खोटा सांगलंय.”

वाद्ये वाजवणाऱ्यांपैकी एक जण हसला. त्याला वाटले मी गडबडलो. मग कोणीतरी थांबा म्हटले, मोठे दिवे लागले आणि समोर माणसे दिसली. कोणी ओरडले नाही. मला पाणी दिले, बसायला दिले. एक साहेब आले आणि गोड बोलून म्हणाले, आजोबा, तुमची भाषा सगळ्यांना कळत नाही, जरा शुद्ध बोला, आणि जे लिहून दिले आहे तेच बोला. दिवे पुन्हा मंद झाले. मी तेच शुद्ध मराठीत बोललो. माझा मुलगा जिवंत आहे. मी खोटे सांगितले.

तिसऱ्यांदा माझ्या हातात माईक दिला नाही.

दीपिका मला बाजूला घेऊन रडली. म्हणाली, “मी तुम्हाला विचारलं होतं ना, आजोबा? मग तेव्हा का नाही सांगितलंत?” तिची नोकरी राहील की जाईल मला ठाऊक नाही. मी म्हणालो, तेव्हा माझ्या नातीला गायला मिळायला हवे होते. म्हणाली, ती अशीही गायली असती. तशी ती गायली असती का, बाळा? प्राजक्ता घरी गेली ती मी डोळ्यांनी पाहिली. पण दीपिकापुढे ते बोललो नाही.

मग खुर्ची उचलली आणि तन्वीला तशीच गायला लावले. हार नाही, नमस्कार नाही. दुसऱ्या कडव्यात तिचा आवाज फाटला. ती थांबली, पाणी प्यायली, आणि पुन्हा पहिल्यापासून गायली. सूर सोडला नाही. परीक्षक बाबांबद्दल काही बोलले नाहीत. वरच्या पट्टीत श्वास कमी पडतो, एवढे सांगितले. येताना गाडीत मी तिला विचारले, माझ्यामुळे नंबर गेला का गो? कुडाळ यायच्या आधी म्हणाली, खिडकीकडे बसा, तुमका वारो लागाक होयो. तिने जागा बदलून दिली. याचा अर्थ काय लावायचा ते मला कळत नाही. तू तिचा बाप, तुला कळेल.

आता मुख्य गोष्ट. हे सगळे रविवारी संध्याकाळी टीव्हीवर दिसणार आहे. मी बोललो ते दिसणार नाही. दीपिकाने स्पष्ट सांगितले की ते काढून टाकणार, ठेवले तर सगळ्यांचेच हसे होईल. पण तालमीच्या वेळी तुझ्या फोटोचे चित्रण केले होते, हार घातलेला वेगळा घेऊन ठेवला होता. ते गाण्याच्या मधे दाखवणार आहेत. मी नको म्हटले, हात जोडले. ती म्हणाली, आजोबा, ते माझ्या हातात नाही. तेव्हा रविवारी तू पुन्हा मरणार आहेस, आणि या वेळी मला थांबवता येत नाही.

आमच्याकडे वाडी जमणार. शेवटचा कार्यक्रम म्हणून वरच्या वाडीची माणसेही येतील. मी घरोघर जाऊन खरे सांगावे असे मनात होते. हौसाबाईकडून सुरुवात केली. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “माका कित्याक सांगतास? माका ठावक होता. ज्येका मारलास त्येका सांगा.” मग पुढच्या घरी गेलोच नाही. तिचे बरोबर आहे.

म्हणून तुला सांगतो आहे. रविवारी तू घरी ये.

नम्रताला मी हे विचारले. इतक्या दिवसांनी तिने माझ्याकडे बघून उत्तर दिले. म्हणाली, त्येंका विचारा, माका नको. पण सकाळपासून ती माळा झाडते आहे आणि तुझी पेटी खाली काढून उन्हात ठेवली आहे. भाता फाटला आहे म्हणते.

तू येणार नाहीस अशी मला भीती आहे. येऊन मला लोकांच्यात बोलशील अशीही आहे. बोल. प्यायलेला आलास तर काय करायचे याचा विचार करून ठेवला होता, तो मी आता सोडून दिला आहे. कसाही ये. पण मागच्या दाराने, परसातून येऊ नकोस. अंगणातून ये, सगळ्यांच्या समोरून, ज्या अंगणातून मी तुला घालवले. टीव्हीत तुझ्या फोटोला हार दिसेल तेव्हा ओटीवरच्या माणसांनी मान वळवली की तू दिसला पाहिजेस.

गर्दी असेल. बसायला जागा नसेल. मी पुढे, टीव्हीच्या समोरच्या खुर्चीत असतो. तू आलास की मी उठेन.

तुझा बाप,
गुणाजी